तासाचा भाव : प्रोटोटायपिंग लॅबच्या खरेदीच्या नोंदी

४ जुलै २०२४, गुरुवार

कॉलेजच्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीतल्या जुन्या थ्रीडी प्रिंटरवरचं कापड काढून तासांचा काउंटर पाहिला. २०१२ मध्ये घेतलेलं औद्योगिक दर्जाचं एफडीएम (प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर छापणारं) यंत्र, किंमत तेव्हा करासकट १४ लाख. बारा वर्षांत छपाई झाली १,१४० तास. नुसती खरेदीची रक्कम भागली तरी तासाला १,२२८ रुपये पडतात. मटेरियल, देखभालीचा करार, एसी आणि वीज यातलं काहीच त्यात धरलेलं नाही.

यंत्र बिघडून बंद पडलेलं नाही, अजूनही सुरू होतं. त्याला चिप बसवलेलं कंपनीचंच काडतूस (छपाईच्या प्लास्टिकचा डबा) लागतं. काडतुसाला पैसे आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या, खर्चातून, आणि आवर्ती खर्चात वर्षाला दोन काडतुसांपुरतीच तरतूद. मग विद्यार्थ्यांना "आधी डिझाइन नीट करा, मग बघू" असं सांगायची सवय लागली, आणि शेवटी विक्रेत्याने ते मॉडेलच सेवेतून काढलं. डेडस्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) मात्र ते सुस्थितीत आहे.

आता नव्या लॅबसाठी अनावर्ती (एकदाच्या खरेदीचे) २८ लाख आणि आवर्ती दीड लाख मंजूर झालेत. विभागप्रमुख सरांचा निरोप : "मॅडम, तीन कोटेशन मागवून कंपॅरेटिव्ह तेवढं करून टाका." म्हणजे दरांचा तुलनात्मक तक्ता. कंपॅरेटिव्ह करते, पण यंत्राच्या किमतीचं नाही. तासाला किती आणि नगाला किती, हे दोन रकाने आधी.

११ जुलै २०२४, गुरुवार

सगळ्या विभागांकडून मागण्या आल्या. वाचताना मजा आली. एका विभागाला "मेटल थ्रीडी प्रिंटर" हवाय. कशासाठी, या रकान्यात लिहिलंय "संशोधनासाठी". धातूच्या पावडरीची यंत्रं कोटीच्या घरात सुरू होतात. त्यांना आर्गॉन किंवा नायट्रोजन लागतो, पावडर हाताळायला वेगळी खोली लागते आणि नग प्लेटवरून सोडवायला वायर-कट (तारेने धातू कापणारं यंत्र) लागतं. फुली मारली.

बाकीच्या मागण्या जमिनीवरच्या आहेत. मेकॅनिकलच्या अंतिम वर्षाच्या मुलांना पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारी पात्यांची चाकं), गिअर, ब्रॅकेट हवेत. कृषी-अभियांत्रिकीला ठिबकचे ड्रिपर आणि जोड. हे आपल्या खानदेशाचंच काम, इथे पाइप आणि ठिबक बनवणाऱ्यांची कमी नाही. स्थापत्यला इमारतींची मॉडेल. इलेक्ट्रॉनिक्सला सर्किटसाठी डबे, डबे आणि डबे.

सगळ्या विक्रेत्यांना एकच नग छापायला द्यायचा ठरवलं : बंद प्रकारचा छोटा इम्पेलर, घनफळ ५० घनसेंटिमीटर, मध्ये ८ मिमीचं भोक. आत वळलेली पाती असल्यामुळे आधार (लोंबत्या भागाखाली छापलेले टेकू) काढायला त्रास होतो, आणि यंत्राची परीक्षा तिथेच होते. विक्रेत्यांच्या शोकेसमधली बोट आणि बेडूक पाहून काही कळत नाही.

२३ जुलै २०२४, मंगळवार

आजचा दिवस तासांच्या हिशोबात गेला. सगळ्या तुलनेत हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि एकाही कोटेशनमध्ये तो नसतो.

विक्रेता माहितीपत्रकात वर्षाला ५,००० किंवा ६,००० तास धरून नगाचा खर्च काढतो. कारखान्यात ते जमेलही. आपल्याकडे दोन सत्रं, प्रत्येकी साधारण १५ आठवडे. आठवड्याला ५ दिवस, दिवसाला ७ तास लॅब उघडी. झाले १,०५० तास. त्यातून सुट्ट्या, परीक्षा, बेड (ज्यावर नग छापला जातो ती तापणारी पाटी) साफ करणं, नळी तुंबणं आणि चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर असणं, हे सगळं वजा केलं की पाऊण भाग उरतो. वर्षाला साधारण ८०० तास.

मागणी सारखीही नसते. ऑगस्टमध्ये यंत्र रिकामं असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रोजेक्ट सबमिशनच्या आधी तीस मुलं एकाच यंत्रापुढे उभी राहतात. एक महागडं, वेगवान यंत्र असलं तरी ते एका वेळी एकच ट्रे छापणार. आठ स्वस्त यंत्रांतली दोन बंद पडली तरी सहा चालू राहतात. कारखान्यात भरवशाचं एक यंत्र बरं, कॉलेजात रांग मोडणं बरं. हे माझं मत आहे आणि खरेदी समितीतल्या निदान दोघांना ते पटणार नाही, कारण एका मोठ्या यंत्राचा फोटो नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात चांगला दिसतो.

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

एफडीएमची कोटेशन आली. नमुन्याचे इम्पेलरही आले. आकडे टाकते.

टेबलावरचं यंत्र : करासकट ९० हजारांच्या आसपास. आयुष्य ४ वर्षं धरलं, वर्षाला ८०० तास, म्हणजे ३,२०० तास. तासाला २८ रुपये. नोझल (वितळलेली तार बाहेर पडते ते तोंड), पट्टे, बेडची शीट, पंखे यांना वर्षाला १२ हजार, म्हणजे तासाला १५. इम्पेलरला साडेचार तास लागले, पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) आधारासकट ४२ ग्रॅम. किलोला १,१०० रुपये धरले तर मटेरियल ४६ रुपयांचं. वॉटमीटर लावून पाहिलं : सुरुवातीला बेड तापताना ३५० वॉट, नंतर सरासरी १२० वॉट. वीज सहा रुपयांची. यंत्र १२७, देखभाल ६८. बेरीज २४७ रुपये. शंभरात पंधरा नग वाया जातील असं धरलं तर २९०. हाताळणीची वीस मिनिटं, म्हणजे आणखी ६५-७०. नग पडला ३६० रुपयांना.

औद्योगिक यंत्र : १८ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, २१ लाख २४ हजार. आयुष्य ७ वर्षं धरलं. पहिलं वर्ष वॉरंटीत, पुढची सहा वर्षं देखभाल करार दरवर्षी १ लाख ८० हजार. एकूण ३२ लाख ४ हजार. आपल्या ८०० तासांनी सात वर्षांत ५,६०० तास होतात. तासाला ५७२ रुपये. नगाला चार तास, म्हणजे २,२८८. मटेरियल मॉडेल आणि आधार मिळून ४१ घनसेंटिमीटर, काडतुसाच्या भावाने घनसेंटिमीटरला २५ रुपये, म्हणजे १,०२५. वर छपाईची टाकाऊ प्लेट, आधार विरघळवायचा अल्कलीचा गरम टब, वीज आणि हाताळणी. नग पडला ३,७०० च्या आसपास.

हेच यंत्र वर्षाला २,५०० तास चाललं तर तासाचा भाव ५७२ वरून १८३ वर येतो. यंत्र वाईट नाही. आपलं वेळापत्रक त्याच्या लायकीचं नाही.

दर्जा कसा? ८ मिमीचं भोक टेबलावरच्या यंत्रात ७.८२ आलं, औद्योगिकमध्ये ७.९०. वर्कशॉपच्या काकांनी दोन्ही हातात घेतले आणि म्हणाले, "रीमर तर दोघांनाही फिरवावा लागंल." रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार. पातींच्या आतला भाग मात्र औद्योगिकचा निःसंशय सरस. विरघळणारा आधार असल्यामुळे आत एकही ओरखडा नाही. टेबलावरच्या नगात आधाराचे तुकडे अजून अडकलेले आहेत, खिळ्याने खरवडले तरी निघत नाहीत. ही किंमत आकड्यात मांडता येत नाही. म्हणून वेगळ्या रकान्यात लिहून ठेवते.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

वित्त व लेखाधिकारी साहेबांनी टिपणीवर शेरा मारला : "एकाच प्रकारच्या यंत्राचे दोन दर ९० हजार व २१ लाख असे कसे? खुलासा करावा." प्रश्न रास्त आहे. खुलासा लिहिताना बराच इतिहास लिहावा लागला.

वितळलेल्या प्लास्टिकची तार थरावर थर टाकण्याच्या पद्धतीचं पेटंट स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये दाखल केलं. त्याच वर्षी त्यांची स्ट्रॅटासिस कंपनी निघाली. वीस वर्षं ही पद्धत त्यांची. २००९ मध्ये ते मूळ पेटंट संपलं. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला होता : स्वतःचेच बरेचसे भाग छापणारं यंत्र, आणि आराखडे सगळ्यांना खुले. पेटंट संपताच त्या खुल्या आराखड्यांवर शेकडो लोकांनी यंत्रं बनवायला घेतली, भाव पडले. "एफडीएम" हे नाव अजून स्ट्रॅटासिसचा ट्रेडमार्क आहे, म्हणून इतर उत्पादक "एफएफएफ" लिहितात. निविदेत हे लक्षात ठेवायला हवं. नुसतं "एफडीएम" लिहिलं तर एखादा विक्रेता त्याच शब्दावर आक्षेप घेईल.

मग महाग यंत्रात पैसे कशाचे? तापवलेल्या बंद कक्षाचे, विरघळणाऱ्या आधाराचे, तपासून दिलेल्या मटेरियलचे, आणि बिघडलं तर माणूस येईल या खात्रीचे. भांडण संपलेलं नाही. याच महिन्यात स्ट्रॅटासिसने बांबू लॅब या टेबलावरचे प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीवर टेक्सासच्या न्यायालयात पेटंटभंगाचा दावा केलाय. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की निविदेत एकाच उत्पादकाचं यंत्र बसेल असे निकष ठेवायचे नाहीत, आणि सुटे भाग बाजारात खुलेपणाने मिळणं ही अट ठेवायची.

साहेबांनी खुलासा वाचून टिक केली. खाली आणखी एक ओळ : "मग २०१२ साली १४ लाख का दिले?" याचं उत्तर त्या वेळच्या समितीने द्यावं.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

पोळ्याच्या सुट्टीला जोडून पुण्याला जाऊन आले. भोसरी एमआयडीसीत एका जॉब-शॉपमध्ये (बाहेरच्यांचे नग छापून देणाऱ्या कारखान्यात) पावडरीचं, म्हणजे एसएलएसचं काम पाहिलं. लेझरने नायलॉनची पावडर थराथराने जोडतात. आधार लागतच नाही, भोवतीची न वितळलेली पावडरच नगाला धरून ठेवते. आपला इम्पेलर आतूनही स्वच्छ निघाला, भोक ७.९५. हे तंत्र विद्यापीठातच जन्माला आलंय : ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, १९८० च्या दशकात, कार्ल डेकार्ड नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक जो बीमन यांनी ते उभं केलं.

सरांच्या मनात हेच यंत्र आहे. लहान एसएलएस यंत्र, पावडर चाळायचं स्टेशन आणि कर मिळून ४० लाखांचं कोटेशन आहे. २८ लाखांत बसत नाही, पण "उरलेले पुढच्या वर्षी मागू" असं बोलणं चाललंय. म्हणून पावडरीचा हिशोब मुळापासून मांडते. बाहेरून तो कळत नाही.

यंत्राचा कक्ष १६५ × १६५ × ३०० मिमी, म्हणजे ८.१७ लिटर. सैल पावडरीची घनता लिटरला ०.४५ किलो धरली तर पूर्ण भरायला जवळपास ३.७ किलो पावडर. त्यातली नग होते फार तर दहावा भाग. उरलेली पावडर तासन्‌तास तापून म्हातारी होते. तीच पुन्हा वापरायची तर तिच्यात नवी मिसळावी लागते : यंत्र आणि पावडरीप्रमाणे ३० ते ५० टक्के. अर्धी नवी धरली तर प्रत्येक खेपेला १.८४ किलो, किलोला ९,५०० रुपयांनी साडेसतरा हजार रुपये. ८१७ घनसेंटिमीटर नग निघतात, म्हणजे घनसेंटिमीटरला २१ रुपये ४० पैसे. आपला इम्पेलर मटेरियलमध्येच १,०७० रुपयांचा. ३० टक्केच नवी पुरली तर साधारण ६४०. आणि हे कक्ष खच्चून भरला तर. दोन मुलांचे दोन नग घेऊन यंत्र सुरू केलं तर हा सगळा हिशोब कोसळतो. छपाई झाल्यावर पावडरीचा तो गठ्ठा थंड व्हायला छपाईइतकाच वेळ लागतो, ते वेगळंच.

जॉब-शॉपचा भाव ग्रॅमला ३५ रुपये अधिक जीएसटी. इम्पेलर ४७.५ ग्रॅम : १,९६० रुपये, घरपोच.

आता समीकरण. यंत्राचा घसारा सात वर्षांनी वर्षाला ५.७ लाख, देखभाल करार ४ लाख. एकूण ९.७ लाख. अर्धी नवी पावडर धरली तर बाहेरून करून घेण्यापेक्षा एका नगामागे वाचतात ८९० रुपये. दोन्ही बाजू जुळायला वर्षाला सुमारे १,१०० इम्पेलर छापावे लागतील. गेल्या दोन वर्षांत सगळ्या विभागांची मिळून एसएलएसची खरी गरज वर्षाला ४० नगांच्या वर गेलेली नाही. ते नग बाहेरून करून घेतले तर ८० हजारांत भागतं.

जॉब-शॉपच्या मालकांना विचारलं, तुमचं यंत्र वर्षाला किती चालतं? त्यांनी उत्तर न देता खेपांच्या वेळापत्रकाचा फळा दाखवला. त्यावर रविवारचाही रकाना भरलेला होता.

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

रेझिनची यंत्रं, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणारी. हे प्रकरण किमतीने लहान आणि कटकटीने मोठं.

यंत्र धुण्या-वाळवण्याच्या संचासकट १ लाख २० हजार. एका गोष्टीने मी खूश आहे : एलसीडी पडद्याच्या यंत्रात छपाईला लागणारा वेळ नगांच्या संख्येवर अवलंबून नसतो, फक्त उंचीवर असतो. एक इम्पेलर साडेतीन तासांत, तीन इम्पेलरही साडेतीन तासांतच. ठिबकच्या ड्रिपरसारखे बारीक नग प्लेटवर चाळीस बसतात. आतली अर्धा-पाऊण मिमीची वाट एफडीएमला जमत नाही, इथे छान येते. कृषीवाल्यांचं काम इथेच होणार.

खर्च लपलाय तो भोवतीच्या वस्तूंत. पडदा साधारण २,००० तासांनी बदलायचा, टाकीच्या तळाची पारदर्शक फिल्म त्याहून खूप आधी. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइल हातमोजे, धूर ओढणारा पंखा. वापरलेलं अल्कोहोल बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते घातक कचऱ्यात मोडतं. रसायनशास्त्र विभागाकडे अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था आहे. त्यांच्या मॅडमना विनंती केली, त्या "वर्षाला दोन कॅनच्या वर नको" या बोलीवर तयार झाल्या. न घट्ट झालेलं रेझिन त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना हे यंत्र नाही.

आणखी एक. रेझिनला मुदत असते, बहुतेक बाटल्यांवर वर्षभराची. तीन वर्षांचं एकदम घेऊन ठेवता येणार नाही, दरकरार करावा लागेल. पीएलएचं तसं नाही. सीलबंद पाकिटात सिलिका जेलसोबत ते टिकतं. पाकीट फोडलं की पावसाळ्यात ओलावा धरतं आणि नोझलमधून फसफसतं, म्हणून सुकवायचे डबे यादीत टाकले.

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

८०० तासांचं कुंपण मोडायचा एकच मार्ग आहे : रात्री यंत्र चालू ठेवायची परवानगी. संध्याकाळी पाचला लावलेला बारा तासांचा नग सकाळी तयार. तासांचा आकडा सहज दुप्पट होईल, तासाचा भाव निम्म्यावर येईल, आणि यंत्रांवर एक रुपयाही जास्त लागणार नाही.

इस्टेट विभागाच्या उपअभियंत्यांना भेटले. त्यांचा पहिला प्रश्न : "आग लागली तर सही कुणाची?" त्यांची भीती पोकळ नाही. तापलेला बेड सतत मागेपुढे हलतो, त्याच्या केबलवर ताण येतो. यंदाच्याच फेब्रुवारीत बांबू लॅबने ए१ हे मॉडेल बेडच्या केबलपायी परत मागवलं. शेवटी अटी ठरल्या : प्रत्येक यंत्राला स्वतंत्र एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच), धुराचा सेन्सर, लोखंडी रॅक, रात्री फक्त पीएलए, आणि कॅमेरा वॉचमनच्या केबिनमध्ये दिसेल असा. रेझिन आणि लेझर कटर रात्री पूर्ण बंद. रॅक, सेन्सर आणि वायरिंगचा खर्च अंदाजपत्रकात धरला.

वीज गेली तर? यंत्रात "जिथे थांबलं तिथून पुढे" ही सोय असते, पण बेड थंड झाला की नग सुटतो आणि सोय सोयीपुरती राहते. आठ यंत्रं एकदम तापली तर २.८ किलोवॉट. पाच केव्हीएचा यूपीएस पुरेल. लेझर कटर त्यावर जोडायचा नाही. मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांत पीएलए नोझलच्या वरच मऊ होऊन अडकतं, तेव्हा बंद कक्षाची दारं उघडी ठेवावी लागतील. एसी सगळ्या खोलीला नाही लावत. त्याचं बिल प्रिंटरांच्या बिलाच्या कितीतरी पट येईल.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

खरेदी समिती. दोन तास चालली.

लेझर कटर यादीत का, असा प्रश्न आला. "हे काय रॅपिड प्रोटोटायपिंग आहे का?" आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हवे असलेले डबे छापायला सहा तास लागतात. तेच तीन मिमीच्या ॲक्रिलिकमधून पाच मिनिटांत कापून जोडता येतात. समितीला पाबळचं उदाहरण दिलं. शिरूर तालुक्यातल्या विज्ञान आश्रमात, डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब (यंत्रं वापरून हव्या त्या वस्तू बनवायची कार्यशाळा) उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबमध्ये तिची गणना होते. फॅब लॅबच्या यंत्रांच्या यादीत लेझर कटर, राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) आणि व्हायनल कटर प्रिंटरच्या बरोबरीने असतात. पुणे जिल्ह्यातलं उदाहरण निघाल्यावर अमेरिकेचं उदाहरण द्यावं लागलं नाही.

लेझरला चिलर (थंड पाणी फिरवणारं यंत्र) आणि धूर ओढणारी यंत्रणा वेगळी लागते. दोन्ही धरून ५ लाख २० हजार. पीव्हीसी कापायचं नाही, त्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतो, तो माणसालाही वाईट आणि यंत्रालाही. आपल्या भागात मुलं पहिला तुकडा पीव्हीसीचाच आणणार, म्हणून दारावर मोठी पाटी लावायची.

एसएलएसवर सर बराच वेळ अडून होते. १,१०० इम्पेलरचा आकडा वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "मॅडम, सगळं इम्पेलरमध्येच मोजणार का?" समिती हसली, सरही हसले, आणि विषय पुढे सरकला. बाहेरून करून घ्यायला आवर्ती निधीतून वर्षाला एक लाख राखीव, असं इतिवृत्तात आलं.

ठरलेली यादी : टेबलावरचे एफएफएफ प्रिंटर ८, तापलेल्या कक्षाचा मध्यम प्रिंटर १ (एबीएस आणि नायलॉन या प्लास्टिकसाठी, साडेपाच लाखांच्या आत), रेझिन २, लेझर १, यूपीएस, रॅक.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. मसुदा तयार आहे, पण निविदा प्रसिद्ध करायची नाही असा कुलसचिव कार्यालयाचा निरोप. लॅब सहायकांची निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली, माझंही प्रशिक्षणाचं पत्र आलंय.

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

निकाल लागले, फाइल उघडली. महिनाभरात दोन कोटेशनची मुदत संपून गेली, पण निविदेला त्याने फरक पडत नाही.

लेखा विभागातल्या एका बाईंनी आज फार कामाची गोष्ट सांगितली. देखभाल करार हा आवर्ती खर्च, तो अनावर्तीतून देता येत नाही. पण यंत्रासोबतच विकत घेतलेली विस्तारित वॉरंटी यंत्राच्या किमतीत धरली जाते. म्हणून निविदेत पहिल्या वर्षाच्या वॉरंटीपुढे आणखी चार वर्षांची विस्तारित वॉरंटी मागितली, सुटे भाग आणि कारागिराच्या फेरीसकट. सुरुवातीचं मटेरियलही यंत्रासोबतच : दीडशे किलो पीएलए आणि दहा लिटर रेझिन. जुन्या यंत्राचं जे झालं त्याला औषध हेच. पाच वर्षांचे पैसे आजच बांधून टाकायचे, कारण पुढच्या वर्षीचा आवर्ती निधी कुणाच्या हातात नाही.

एकाने विचारलं, संशोधन संस्थांना पाच टक्के जीएसटी असतो ना? असायचा. ती सवलत जुलै २०२२ मध्ये गेली. आता पूर्ण १८ टक्के, आणि ती आपल्याला परत मिळत नाही. ज्या कोटेशनमध्ये "करांसह" लिहिलेलं नव्हतं त्या सगळ्या रकान्यांत १८ टक्के मी आधीच घातले होते. काही विक्रेते अजून जुना पाच टक्क्यांचा दाखला मागतात.

निकष लिहिताना "अचूकता ± ०.१ मिमी" ही ओळ काढली. कुठल्या नगावर, कुठल्या दिशेला, कुठल्या मटेरियलमध्ये, हे न सांगता तिला अर्थ नाही. त्याऐवजी : आमची फाइल, आमच्यासमोर, तुमच्या यंत्रावर. भोक आणि बाहेरचा व्यास आम्ही मोजणार. शिवाय दोन अटी : कुठल्याही कंपनीची १.७५ मिमीची तार चालली पाहिजे, आणि इंटरनेट नसतानाही यंत्र चाललं पाहिजे. कमी दर पाच वर्षांच्या एकूण खर्चावर ठरेल, हेही ठळक अक्षरात.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

तांत्रिक लिफाफे उघडून प्रात्यक्षिकं झाली. प्रिंटरसाठी चार जण. एक चिपच्या काडतुसामुळे बाद. त्यांचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, आमच्या मटेरियलनेच दर्जा मिळतो." दर्जा मिळतो, खोटं नाही. मागच्या खोलीतल्या यंत्राचाही मिळायचा. दुसऱ्याचं यंत्र इंटरनेट काढल्यावर फाइल घेईना. त्याला पेनड्राइव्हने घालायला सांगितलं, तर मेनूत तो पर्याय सापडेपर्यंत पाऊण तास गेला. पास केलं, कारण अट पूर्ण झाली.

तापलेल्या कक्षाच्या प्रिंटरला एकच पात्र बोलीदार उरला. फेरनिविदा काढावी लागेल बहुतेक. तोपर्यंत एबीएसचं काम बाहेर.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

आर्थिक लिफाफे. टेबलावरच्या प्रिंटरचा निकाल नोंदवण्यासारखा आहे.

एकाचा दर ७१ हजार, चार वर्षांची वॉरंटी वर्षाला ११ हजार. दुसऱ्याचा दर ८२ हजार, वॉरंटी वर्षाला ६ हजार. नुसत्या यंत्राच्या दराने पहिला खाली. पाच वर्षांच्या खर्चाने पहिला १ लाख १५ हजार, दुसरा १ लाख ६ हजार. आठ यंत्रांमागे ७२ हजारांचा फरक. ७१ हजारवाल्यांनी तिथल्या तिथे आक्षेप घेतला. निविदेतली ठळक ओळ दाखवली, त्यांनी लेखी देतो म्हटलं. द्यावं. लेझर आणि रेझिनवर वाद नाही.

पुरवठा आदेशाचा मसुदा लेखा विभागाकडे गेला आणि सायंकाळी परत आला. शेरा : "१५० किलो तार डेडस्टॉकला घ्यावी की उपभोग्य साठ्याला?" उत्तर लिहिलं : उपभोग्य साठ्याला, वजनाने नोंद, दर महिन्याला काट्यावर मोजून. सोमवारी इस्टेटचे लोक अर्थिंग तपासायला येणार आहेत. त्याआधी मागची खोली रिकामी करायची आहे आणि जुन्या यंत्राच्या निर्लेखनाच्या (नोंदीतून काढून टाकण्याच्या) प्रस्तावाला काउंटरचा फोटो जोडायचा आहे.